माकडांच्या शीमधून जीन फ्लो शोधायचा कसा: परवानगीपासून एफएसटीपर्यंत, सगळं सविस्तर

दरवर्षी जून-जुलै आला की एमएस्सीच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात. ताई, माकडांवर जेनेटिक्सचं डेझर्टेशन करायचंय, कुठलं किट घेऊ, प्रायमर कुठले घेऊ, सॉफ्टवेअर कुठलं चांगलं. किटचं नंतर बघू. मी सगळ्यांना आधी एकच विचारते, तुमच्या टोळीत नर किती आणि त्यातला कुठला नवा आलाय? याचं उत्तर नसेल तर लॅबमधून आकडे येतील खरे, पण ते कशाचे आहेत हे तुम्हालाच सांगता येणार नाही. म्हणून शीतल्या डीएनएवरून टोळ्याटोळ्यांमधली जीन्सची देवाणघेवाण, म्हंजेच जीन फ्लो, कशी शोधायची ते एकदाच सगळं लिहून टाकतेय, लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी माकड नीट समजून घ्या

आपल्याकडे लाल तोंडाचं माकड म्हटलं की लोकांना एकच वाटतं. पण ते दोन वेगळे आहेत. एक बॉनेट, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस आणि शेपूट लांबलचक, तळकोकणात याला केलडी म्हणतात. दुसरा उत्तरेकडचा ऱ्हीसस, शेपूट आखूड, कंबरेखाली केशरी-तांबूस झाक. काळ्या तोंडाचं वानर, म्हंजे लंगूर, ते तर मॅकाकच नाही (बॉनेट आणि ऱ्हीसस ज्या गटातले तो मॅकाक), त्याचा हिशोब पूर्ण वेगळा. बॉनेट आणि ऱ्हीसस यांची सीमा आपल्याच भागातून जाते. १९८१ साली फूडेन, महाबळ आणि साहा यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये ती नव्याने आखली, ढोबळमानाने पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी. नंतर २०११ मध्ये कुमार, राधाकृष्ण आणि सिन्हा यांनी दाखवलं की ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकतोय आणि बॉनेटची जागा खातोय. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात तर बॉनेट, ऱ्हीसस आणि वानर तिन्ही बघायला मिळतात. त्यामुळे फोटो नीट काढून आपल्याकडे नक्की कुठली जात आहे हे आधी पक्कं करा, नायतर दोन जातींतल्या फरकाला तुम्ही दोन टोळ्यांतला फरक म्हणून बसाल आणि गाईडलाही ते व्हायवाच्या आदल्या दिवशी कळेल.

आता मुख्य गोष्ट. मॅकाकमध्ये मादी जन्मली त्याच टोळीत मरते. आई, मावशा, बहिणी, आज्या सगळ्या एकत्र, त्यांच्यातला मानपानही आईकडून लेकीकडे जातो. नर मात्र वयात आला की घर सोडतो आणि दुसऱ्या टोळीत घुसायला बघतो, तिथे चावे खातो, महिनोन्महिने कडेकडेने फिरतो आणि कधीतरी आत घेतला जातो. आपल्या मुलींचं लग्नानंतर होतं तसं, फक्त उलटं. जीन फ्लो जीन फ्लो म्हणतात तो बहुतांशी हाच, एका नराने पार केलेली खिंड.

यातूनच एक फार मजेशीर गोष्ट निघते. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो आणि माद्या जागच्या हलत नाहीत, म्हणून मायटोकॉन्ड्रिया बघितला तर दोन डोंगरांवरची माकडं एकमेकांना परकी वाटतात. न्यूक्लिअर डीएनए, म्हंजे पेशीच्या केंद्रकातला, आई-बाप दोघांकडून येणारा, नरांसोबत फिरत असतो, तो बघितला तर तीच माकडं चुलतभाऊ निघतात. मेल्निक आणि होल्झर यांनी १९९२ मध्येच मॅकाकबद्दल हे मांडलंय, तरी आजही नुसता मायटोकॉन्ड्रिया वाचून 'या दोन टोळ्यांमध्ये काहीही देवाणघेवाण नाही' असं ठोकून देणारे रिपोर्ट मी वाचलेत. दोन्ही मार्कर, म्हंजे डीएनएचे तपासायचे ठरावीक तुकडे, घ्या. पैसे एकाचेच असतील तर न्यूक्लिअर घ्या, नरांची कहाणी त्यात असते.

प्रश्न एका ओळीत लिहा

'अमुक तालुक्यातील माकडांची जनुकीय विविधता' हा प्रश्न नाही, हे नुसतं शीर्षक झालं. प्रश्न असा हवा: या खिंडीतल्या हायवेच्या दोन बाजूंच्या टोळ्यांमध्ये नर अजून ये-जा करतात का? किंवा घारापुरीसारख्या बेटावरच्या माकडांमध्ये किनाऱ्यावरच्यांपेक्षा विविधता कमी आहे का? घारापुरी मला कायम खुणावते, चारी बाजूंनी खाडी आणि बोटीतून येणाऱ्या टूरिस्टांच्या हातातली मक्याची कणसं. अशा ठिकाणी बाहेरून नर येणार कुठून?

बेटाचं जगातलं गाजलेलं उदाहरण म्हंजे पोर्टो रिकोजवळचं कायो सांतियागो. १९३८ साली कार्पेंटर नावाच्या शास्त्रज्ञाने भारतातून ४०९ ऱ्हीसस नेऊन तिथे सोडले, त्यानंतर बाहेरून नवीन माकडं आणलेली नाहीत, जी आहेत ती सगळी तिथेच जन्मलेली. तरी ती खुरटली नाहीत, कारण सुरुवातीचा आकडा मोठा होता आणि बेटावरच वेगवेगळ्या टोळ्या होऊन नर आपापसात फिरत राहिले. म्हणजे बेट आहे म्हणून विविधता संपली असं आधीच धरून चालू नका, मोजा.

टोळीचा आकडा फसवा असतो

हा भाग जरा गणिताचा आहे पण सोडू नका. टोळीत ४० माकडं दिसली म्हणून ४० जणांचे जीन्स पुढे जातात असं नाही. पिल्लं वगळा, म्हाताऱ्या वगळा, आणि नरांमध्ये बाप होणारे मोजकेच. यासाठी प्रभावी संख्या काढतात: चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले नर अधिक माद्या. ३ नर आणि १२ माद्या असतील तर १४४ भागिले १५, म्हंजे ९.६. वानरांसारखा एकच हुप्प्या आणि ९ माद्या असतील तर ३६ भागिले १०, फक्त ३.६! दहा मोठी जनावरं समोर बसलेली दिसतात आणि जनुकांच्या हिशोबात ती चार पण भरत नाहीत. आणि बंद टोळीत दर पिढीला विविधता जाते ती एक भागिले दुप्पट प्रभावी संख्या या दराने, म्हणजे प्रभावी संख्या १० असेल तर पिढीला ५ टक्के. बाहेरून येणारा नर ही गळती थांबवतो म्हणून त्याला एवढं महत्त्व.

परवानगी

अभयारण्य किंवा नॅशनल पार्क असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली लेखी परवानगी लागते, आपल्याकडे प्रधान मुख्य वनसंरक्षक वन्यजीव यांचं ऑफिस नागपूरला आहे. 'नुसती शी तर उचलायचीय' हे कारण गेटवर चालत नाही. अर्जात जागा, महिने, किती नमुने, कुठल्या लॅबमध्ये जाणार हे सगळं लिहा आणि माकड पकडणार नाही, रक्त घेणार नाही हे ठळक लिहा, त्याने फाइल हलते. वेळ लागतो, तेव्हा जानेवारीत फील्ड करायचं असेल तर पावसाळ्यातच अर्ज टाका. आणि परदेशातल्या लॅबला नमुने पाठवायचा विचार मास्टर्सला करूच नका, जैवविविधता कायदा २००२ आहे, त्यात अडकाल.

दोन आठवडे नुसतं बघा

ट्यूबा घरी ठेवा. वही, दुर्बीण, कॅमेरा घेऊन जा. टोळी कुठे झोपते, सकाळी किती वाजता उतरते, मोठे नर कोण, कुणाचा कान फाटलाय, कुणाची शेपूट अर्धी आहे. प्रत्येक नराला काहीतरी नाव द्या, नंबरापेक्षा नाव लक्षात राहतं.

आणि गावातल्या लोकांशी बोला. भोरकडच्या एका वाडीत मी आठवडाभर एका तुटक्या शेपटीच्या नराच्या मागे होते, तो टोळीपासून कायम वीस-पंचवीस फूट लांब बसायचा. तिथले एक आजोबा रोज माझ्याकडे बघून हसायचे, शेवटी म्हणाले, "त्यो शेपूटतुटका व्हय? त्यो हितला न्हाई बाय. गेल्या दिवाळीला खिंडीपल्याड हुता, माझ्या लेकीच्या घराची कौलं त्यानंच फोडली." झालं, एका वाक्यात मला स्थलांतराची नोंद मिळाली, खिंड कुठली तेही कळलं आणि साधारण कधी तेही. ही नोंद वहीत लिहा, तारीख घालून, कोण म्हणालं ते घालून. नंतर जीनोटाइप, म्हंजे त्या माकडाचा डीएनएचा निकाल, आला की हाच तुमचा पडताळा.

नमुना घेणं

सगळ्यात बेस्ट वेळ पहाटेची, टोळी झाडावरून उतरली की खाली ताजी शी पडलेली असते. ऊन तापायच्या आत उचला, उन्हात डीएनए भराभर तुटतो. पावसात तर धुऊनच जातं म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट सांगते. आपल्याला हवाय तो माकडाचा डीएनए, त्याने खाल्लेल्या उंबराचा नाही. माकडाच्या आतड्याच्या पेशी शीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर चिकटलेल्या असतात, तो जो चकचकीत बुळबुळीत थर दिसतो ना, तिथे. म्हणून काडीने वरचा पापुद्रा खरवडून घ्या, मधला गाभा नको, आत नुसत्या बिया आणि बॅक्टेरिया. वाटाण्याएवढा पुरतो. प्रत्येक नमुन्याला नवा ग्लोव्ह, नवी काडी, मास्क लावलेलाच. ट्यूबमध्ये ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल, नमुन्याच्या चार-पाच पट तरी. एक-दोन दिवसांनी नमुना इथेनॉलमधून काढून सिलिका जेलवर वाळवत ठेवला तर आणखी चांगला टिकतो, ही दोन टप्प्यांची पद्धत प्रायमेटवाल्यांमध्ये नेहमीची आहे. सिलिकाचे दाणे रंग बदलले की बदला. मेडिकलमधलं स्पिरिट वापरू नका, त्यात काय मिसळलेलं असतं याचा भरवसा नाही.

लेबल पेन्सिलीने लिहा. पेन्सिलीने! माझ्या पहिल्या फील्डला मी मस्त परमनंट मार्करने ३४ ट्यूबांवर नंबर टाकले, एसटीच्या प्रवासात एका ट्यूबचं झाकण सैल झालं, इथेनॉल सांडलं आणि घरी येऊन पिशवी उघडली तर ३४ ट्यूबांवर ३४ निळे डाग. इथेनॉल मार्करची शाई पुसतं हे मला तेव्हा कळलं. आता मी कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती ट्यूबच्या आत टाकते आणि बाहेरूनही एक लावते, शिवाय वहीत जीपीएस, वेळ, टोळी, आणि माकडाला प्रत्यक्ष करताना बघितलं असेल तर त्याचं नाव.

किती नमुने? प्रत्येक ठिकाणाहून २५-३० वेगवेगळी माकडं हाताशी असावीत असं धरा, म्हंजे उचलायचे त्याहून बरेच जास्त, कारण काही फेल जातात आणि काही एकाच माकडाचे निघतात. आणि ते सगळे एकाच टोळीतले नकोत. एकाच टोळीच्या आई-लेकी-नातींचे ३० नमुने म्हणजे लोकसंख्या नाही, ते एक कुटुंब आहे.

जीवाची काळजी वेगळी. सिंधुदुर्ग, गोव्याचा सत्तरी भाग, तिथून खाली कर्नाटकात काम असेल तर माकडताप डोक्यात ठेवा. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात क्यासानूरच्या जंगलात सापडलेला हा विषाणू २०१६ साली दोडामार्ग तालुक्यापर्यंत दिसलाय. पसरतो गोचिडीने. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, पालापाचोळ्यात बसायचं नाही, परत आल्यावर अंग नीट तपासायचं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, वनखात्याला फोन करायचा. सॅम्पल मिळतंय म्हणून हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे. मॅकाकच्या चाव्यातून आणि थुंकीतून येणारा हर्पीस बी पण असतो, तेव्हा हातात खाऊ धरून सेल्फी वगैरे अजिबात नाही.

लॅब

हे थोडक्यात सांगते कारण ते तुमच्या लॅबमधले सीनियर शिकवतीलच. स्टूल किटने डीएनए काढा, दरवेळी एक रिकामी ट्यूब पण सोबत चालवा, तिच्यात काही उगवलं तर सगळा बॅच संशयित. मार्कर म्हणून मायक्रोसॅटेलाइट (डीएनएमधले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे, त्यांची लांबी माकडागणिक बदलते) अजूनही परवडतात, १०-१५ घ्या. माणसासाठी बनवलेले बरेच प्रायमर, म्हंजे डीएनएचा हवा तो तुकडा पकडणारे छोटे धागे, मॅकाकवर चालतात, माकड आपलं जवळचंच. पण इथेच गोम आहे, ते तुमच्या बोटावरच्या, तुमच्या थुंकीतल्या डीएनएवर पण तितकेच छान चालतात! एका टोळीत भलतीच वेगळी साइज दिसून मी दोन दिवस नाचत होते, नवीन अलील (त्याच मार्करचा वेगळ्या लांबीचा प्रकार), नवीन अलील. तो अलील माझाच होता. तेव्हापासून मी स्वतःचा आणि लॅबमधल्या सगळ्यांचा जीनोटाइप चार्ट भिंतीवर लावून ठेवते.

मायटोकॉन्ड्रिया करणार असाल तर अजून एक सापळा. प्रायमेट्समध्ये मायटोकॉन्ड्रियाचे तुकडे न्यूक्लिअर डीएनएमध्ये जाऊन बसलेले असतात, त्यांची नक्कल वाढते आणि आपल्याला वाटतं खरा सिक्वेन्स मिळाला. सिक्वेन्समध्ये दुहेरी शिखरं किंवा मधेच स्टॉप कोडॉन (प्रोटीन तिथेच संपवणारा संकेत) दिसला की थांबा.

शीतल्या डीएनएचा मोठा आजार म्हंजे अलील गळणं. माकडाकडे १८४ आणि १८८ लांबीचे असे दोन अलील असतात (वेगळे दोन म्हंजे हेटेरोझायगस), पीसीआरमध्ये, म्हंजे डीएनएच्या प्रती वाढवताना, एकच वाढतो आणि ते होमोझायगस, म्हंजे दोन्ही अलील सारखे असलेलं, दिसतं. समजा एका रनमध्ये असं व्हायची शक्यता ३० टक्के आहे, म्हंजे प्रत्येक अलीलला १५. मग तीनदा रन करून तिन्ही वेळा तोच अलील गळायची शक्यता दोन गुणिले ०.१५ चा घन, साधारण ०.७ टक्के. म्हणून होमोझायगस किमान तीनदा दिसल्याशिवाय लिहायचा नाही, हेटेरोझायगस दोनदा दिसला की चालतो. लॅबचा खर्च इथे वाढतो, पण काटकसर इथे केली तर पुढचं सगळं वाया.

मग एकाच माकडाचे दोन नमुने शोधून एक काढा. सख्ख्या भावंडांचाही जीनोटाइप योगायोगाने जुळायची शक्यता १ टक्क्याच्या खाली येईल इतके मार्कर हवेत, कारण टोळीत सगळे नातेवाईकच.

आकडे वाचायला शिका

उदाहरण घेऊ. ३० माकडं. १२ जण १८४-१८४, १२ जण १८८-१८८, आणि फक्त ६ जण १८४-१८८. दोन्ही अलील निम्मे-निम्मे, म्हणजे हार्डी-वाइनबर्गप्रमाणे (जोड्या कशाही जुळल्या तर कुठला प्रकार किती दिसेल याचा नियम) हेटेरोझायगस १५ हवे होते, आहेत ६. का? पोरं लगेच लिहितात, इनब्रीडिंग, म्हंजे नात्यातल्या जोड्या. थांबा की! एक, अलील गळाले असतील. दोन, तुम्ही दोन वेगळ्या लोकसंख्या एकाच पिशवीत घातल्या असतील, त्यानेही हेटेरोझायगस कमी दिसतात. तीन, मग इनब्रीडिंग. एकाच मार्करवर तूट असेल तर बहुतेक मार्करचा दोष, सगळ्यांवर असेल तर माकडांकडे बघा.

आता एफएसटी, म्हंजे दोन गट जनुकीयदृष्ट्या एकमेकांपासून किती वेगळे आहेत त्याचं माप. खिंडीच्या अलीकडे १८४ चं प्रमाण ०.७, पलीकडे ०.३. दोन्हीकडे आतली अपेक्षित हेटेरोझायगोसिटी (हेटेरोझायगस असणाऱ्यांचं प्रमाण) ०.४२, सगळे एकत्र धरले तर ०.५. फरक ०.०८ भागिले ०.५, एफएसटी ०.१६. राइटचं जुनं सूत्र लावलं, एक भागिले एफएसटी, त्यातून एक वजा, भागिले चार, तर पिढीला साधारण १.३ स्थलांतरित येतात. हा आकडा छान दिसतो आणि म्हणूनच धोक्याचा आहे. तो धरून चालतो की हजारो वर्षं सगळं असंच स्थिर चाललंय. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण सुरू झाला २००२ मध्ये, माकडाची पिढी दहा-बारा वर्षांची धरली तर दोनच पिढ्या झाल्या. त्या रस्त्याचा परिणाम तुम्हाला एफएसटीमध्ये दिसणार नाही, तिथे जे दिसतंय ते तुमच्या पणजोबांच्या काळातल्या माकडांचं फिरणं. आजचं बघायचं असेल तर असाइनमेंट टेस्ट आणि बापाचा शोध, म्हंजे हा नर जन्माने कुठल्या बाजूचा आणि ते पिल्लू कुणाचं.

सॉफ्टवेअर फुकट आहेत, एक्सेलमध्ये चालणारं जेनॲलेक्स सुरुवातीला बरं, मग स्ट्रक्चर, ते जीनोटाइपवरून माकडांचे गट पाडतं. स्ट्रक्चरचे रंगीत दांडे बघून सगळे भारावतात, पण नातेवाईक जास्त घेतले तर ते कुटुंबालाच वेगळी लोकसंख्या म्हणून रंगवतं, आणि गट किती ते ठरवायची डेल्टा-के ही पद्धत 'एकच गट आहे' असं उत्तर देऊच शकत नाही. म्हणजे फरक नसला तरी तुम्हाला दोन रंग मिळणार.

टेम्पोचं काय करायचं

हे पुस्तकात नसतं. गावात माकडांचा त्रास झाला की पकडणारे बोलावतात, रात्री पिंजरे भरून टेम्पो निघतो आणि लांब कुठल्यातरी घाटात दारं उघडतात. नर, माद्या, पिल्लं सगळी एकदम. तुमच्या डेटात मग अचानक घाटातल्या टोळीत लांबचा मायटोकॉन्ड्रियल प्रकार सापडतो. मादी तर फिरत नाही, मग हा आला कुठून? अशी एखादी विचित्र मादी दिसली की जीन फ्लोचा आनंद साजरा करू नका, आधी चहाच्या टपरीवर विचारा. टपरीवाल्याला टेम्पोची तारीख, वार, वेळ सगळं माहीत असतं. ऱ्हीसस आणून बॉनेटच्या भागात सोडला तर ते आणखी वाईट, मॅकाकच्या जवळच्या जातींमध्ये संकर होऊ शकतो. असे नमुने फेकू नका, वेगळे ठेवा, विश्लेषण त्यांच्यासकट एकदा आणि त्यांच्याशिवाय एकदा करा आणि दोन्ही रिझल्ट लिहा.

उरलेला अर्धा नमुना उणे २० वर ठेवा, वहीची पानं स्कॅन करा. आणि ज्या गावात काम केलं तिथे एकदा परत जा, नकाशाची प्रिंट घेऊन. मी गेले होते. आजोबांना दाखवलं, हे बघा, हा ठिपका तुमचा शेपूटतुटका, आणि हा बाण खिंडीपलीकडचा. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बरोबर हाय की. मी सांगितल्यालंच हाय ह्यात. पर त्यो माझ्या घेवड्यातनं कधी जाणार, त्याचा बाण कुठंय?"